मदतीचा हात थोडा उशिरा पुढे करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा दहा वर्षांचा, हुशार, पण जरा कुठे अडलं की हातपाय गाळतो. खेळात हरला की रडून घर डोक्यावर घेतो. वही विसरली की शाळेतून फोन करतो आणि तुमच्यापैकी कुणीतरी हातातलं काम टाकून ती पोहोचवतं. दप्तर तुम्ही भरता. शेजारी कुणी बसल्याशिवाय तो अभ्यासाचं पान उलटत नाही. मित्राशी भांडण झालं तर त्या मित्राच्या आईशी तुम्हीच बोलता. आता वर्गशिक्षकांनी सांगितलंय की त्याच्यासाठी इतकं करू नका, आणि तुम्ही विचारताय: नेमकं काय थांबवायचं, कसं थांबवायचं, आणि असं मागे सरकणं म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणंच नाही का?

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण ती मनात असेपर्यंत बाकीचं काही हातून होणार नाही. वाऱ्यावर सोडणं म्हणजे मुलाला गरज असताना तिथे नसणं. मी जे सांगणार आहे त्यात तुम्ही तिथेच असणार आहात, कदाचित आजच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन. फक्त तुमचा हात उशिरा पुढे येणार आहे.

मुलांबरोबर आणि त्यांच्या आईबाबांबरोबर समुपदेशनाचं काम मी बरीच वर्षं करतेय. या कामात माझं एक मत पक्कं होत गेलंय. मूल अडल्यापासून मोठ्या माणसाची मदत येईपर्यंत मध्ये जो वेळ जातो, त्या वेळात मूल कणखर होतं. तो वेळ शून्य असेल तर मुलाला काही करून बघायला जागाच उरत नाही. तो कधी संपतच नसेल, म्हणजे मदत येतच नसेल, तर मूल खचतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या घरी हा वेळ जवळजवळ शून्यावर आलाय. तो थोडा थोडा वाढवायचा, एवढंच काम आहे. पण हे काम आईबाबांच्या जिवाला जड जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा हे समजून घ्या की तुमचा मुलगा आळशी नाही आणि बिघडलेलाही नाही. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. काहीही केलं तरी विजेचे झटके थांबत नाहीत, असा अनुभव घेतलेली कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागची हलत नव्हती. यावरून असं मानलं गेलं की हतबलता शिकली जाते. पण याच दोघांनी २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नंतरच्या संशोधनाच्या आधारे, स्वतःची मांडणी उलटी केली. त्रास लांबला की हातपाय गाळणं ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया आहे. 'मी काही केलं तर फरक पडतो' ही गोष्ट मात्र शिकावी लागते. प्राण्यांवरचं संशोधन जसंच्या तसं मुलांना लावू नये हे खरं, पण माझ्यासमोर येणाऱ्या मुलांकडे बघण्याची माझी नजर या उलट्या मांडणीने बदलली. अडल्यावर गप्प बसणाऱ्या मुलात काहीतरी मोडलंय असं मी धरत नाही. त्याला एक गोष्ट शिकायला पुरेशी संधी मिळालेली नाही, असं धरते.

आणि ही गोष्ट सांगून शिकवता येत नाही. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' हा विश्वास माणसात कुठून येतो याची मांडणी केली. सगळ्यात भक्कम स्रोत म्हणजे स्वतः करून यशस्वी झाल्याचा अनुभव. दुसऱ्याला करताना बघणं त्याच्या खाली, आणि 'तुला जमेल रे' असं कुणी सांगणं त्याहून कमी बळाचं. घरोघरी या तिसऱ्याचाच भडिमार असतो आणि पहिल्याची उपासमार.

माझ्या खोलीत एक लाकडी पेटी आहे. तिला छोटं कुलूप आहे आणि किल्ल्यांचा जुडगा, त्यातली एकच किल्ली लागते. मूल आणि पालक समोर बसले की पेटी मी मुलाच्या हातात देते आणि काही बोलत नाही. साधारण असं होतं. मूल पहिली किल्ली घालून बघतं, ती फिरत नाही. दुसरी आत जाते पण अडकते. एवढ्यात बाबा म्हणतात, "उलटी घाल." मूल किल्ली उलटी करतं. "तशी नाही, दातेरी बाजू वर." मग बाबांची बोटं जुडग्यावर येतात, मग जुडगा बाबांच्या हातात जातो, आणि पेटी उघडते. त्या क्षणी मूल पेटीकडे बघतच नसतं. ते खुर्चीत मागे टेकलेलं असतं.

मग मी बाबांना सांगते की पुढच्या खेपेला हात मांडीखाली ठेवून बसा, आणि मुलाने तुमच्याकडे बघितलं तर नुसतं बघा. एका मुलाचं मला स्पष्ट आठवतंय. त्याने तीच किल्ली पुन्हा पुन्हा लावून पाहिली, वैतागला, बाबांकडे बघितलं, पेटी ढकलून दिली, थोड्या वेळाने परत ओढली. मग लावून झालेली प्रत्येक किल्ली त्याने अंगठ्याखाली दाबून बाजूला धरायला सुरुवात केली, म्हणजे ती पुन्हा मोजली जाणार नाही. ही युक्ती त्याला कुणी सांगितली नव्हती. ती त्या वैतागातून निघाली होती, आणि पेटी ढकलल्या क्षणी कुणी मदतीला धावलं असतं तर ती निघालीच नसती. कुलूप उघडल्यावर त्याने ते लगेच परत लावलं आणि पुन्हा उघडलं.

ज्युलिया लेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ ते ५ वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं अवघड कोडं सोडवत असताना मोठ्यांनी ते हातात घेऊन पूर्ण केलं, तर पुढच्या अवघड कामात ती मुलं लवकर हार मानत होती. म्हणजे तुम्ही आजचं कोडं सोडवून देता आणि त्याची किंमत उद्याच्या कोड्यात मोजली जाते.

तरी याचा अर्थ हाताची घडी घालून बघत राहायचं असा नाही. मदतीच्या पायऱ्या असतात, आणि आपण सवयीने एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारतो. आधी थांबा. मनात सावकाश वीस आकडे मोजा. बहुतेक वेळा मूल तेवढ्यात काहीतरी करून बघतं. मग विचारा: "आत्तापर्यंत काय काय करून बघितलंस?" या प्रश्नात मोठी ताकद आहे, कारण उत्तर देता देता मुलाला स्वतःचं काम बाहेरून दिसतं. मग फार तर एक दिशा सुचवा. मग दाखवा, पण दुसऱ्या उदाहरणावर, त्याच्या वहीत नाही. मग बरोबर करा. करून देणं सगळ्यात शेवटी, आणि खरोखर गरज असेल तरच. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये शिकणाऱ्या लहान मुलाला मिळणाऱ्या अशा मदतीला इमारतीच्या परांचीची उपमा दिली होती. भिंत चढत जाते तसतशी परांची उतरवत जायची असते. दहा वर्षांच्या मुलाच्या दप्तराभोवती अजून ती उभी असेल तर उतरवायला बराच उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.

आता एक इशारा. मागे सरका म्हटल्यावर काही पालक दुसऱ्या टोकाला जातात. "आता भोग आपल्या कर्माची फळं", "मी सांगितलं होतं ना!" असा सूर लागतो. हे मागे सरकणं नाही, हा दंश आहे. मूल वहीपेक्षा तुमच्या शब्दांचं दुःख करत बसतं आणि वहीबद्दल काहीच शिकत नाही. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तऱ्हांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात मुलांची वाढ चांगली होताना दिसली ती माया आणि अपेक्षा दोन्ही भरपूर असलेल्या घरांत. नुसती कडक घरं आणि नुसती सैल घरं, दोन्ही मागे पडली. तुमच्या घरी माया भरपूर आहे, ती एक कणही कमी करायची नाही. अपेक्षा वाढवायच्या आहेत.

अपेक्षा वाढवायची सुरुवात मी अभ्यासापासून करत नाही. घरकामापासून करते. अभ्यासाभोवती तुमच्या घरात आधीच इतका ताण साठलेला असणार की तिथे पहिला प्रयोग फसण्याचीच शक्यता जास्त. घरकामात तो ताण नसतो, आणि त्यात अशी एक गोष्ट आहे जी अभ्यासात नाही: त्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी हवं असतं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं की १८ महिन्यांची बाळंसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात, दोन्ही हात भरलेले असताना कपाटाचं दार उघडून देतात. मदत करायची ओढ मुलांमध्ये एवढी लवकर असते. पुढे "तू राहू दे, सांडशील", "तू अभ्यास कर, हे मी बघते" असं ऐकून ऐकून ती मावळते, आणि दहाव्या वर्षी आपणच तक्रार करतो की हा इकडची काडी तिकडे करत नाही.

हवाई बेटांपैकी कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढे अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे सक्षम, मायाळू आणि आत्मविश्वास असलेली माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? किमान एका मोठ्या माणसाशी घट्ट नातं होतं. आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांवर लहानपणी घरातली कसली तरी खरी जबाबदारी होती, ज्यावर इतर कुणी तरी अवलंबून होतं. मला या अभ्यासातली ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

तेव्हा मुलाला एक काम द्या. तुकडा देऊ नका, अख्खं काम द्या. "मला जरा कपडे आणून दे" हे काम नाही, हुकूम आहे. वाळलेले कपडे काढणं, घड्या घालणं आणि ज्याचे त्याच्या कपाटात ठेवणं, हे सगळं मिळून एक काम झालं. कधी करायचं ते त्याला ठरवू दे, फक्त कधीपर्यंत व्हायला हवं ते पक्कं असू दे. त्याने केलं नाही तर चिडून स्वतः करून टाकू नका. सकाळी कुणाचा तरी शर्ट सापडत नाही आणि तो माणूस ते मुलाला सरळ सांगतो, एवढं पुरतं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: त्याने घातलेल्या वेड्यावाकड्या घड्या त्याच्यादेखत मोडून पुन्हा घालू नका. त्याच्यामागेही नको. मुलांना कळतं.

कामाचे पैसे द्यायचे का, असं अनेक जण विचारतात. घरच्या रोजच्या कामाचे नकोत. वार्नेकेन आणि टोमासेलो यांच्याच २००८ च्या अभ्यासात, मदतीबद्दल बक्षीस मिळालेली लहान मुलं बक्षीस बंद झाल्यावर, बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली.

घरकाम काही आठवडे अंगवळणी पडलं की दप्तर. हे एखाद्या शांत दिवशी सांगायचं, सकाळच्या घाईत नाही आणि वही विसरल्याच्या रागात तर मुळीच नाही. माझ्याकडचे पालक साधारण असं बोलतात: "आजवर तुझं दप्तर आम्ही भरत आलो. तू आता दहा वर्षांचा आहेस, तुला ते येईल. सोमवारपासून तू भरायचंस. पहिला आठवडा मी तिथे बसेन, पण हात लावणार नाही. काही विसरलं तर आम्ही शाळेत आणून देणार नाही. तसं झालं तर बाईंना काय सांगायचं, ते हवं तर आत्ताच ठरवू." आणि खरंच ठरवा. "बाई, वही घरी राहिली, आज कागदावर लिहून उद्या वहीत उतरवतो" हे वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. मुलाला भीती बहुतेक वेळा वही विसरल्याची नसते. बाईंसमोर उभं राहून काय बोलायचं ते माहीत नसतं, त्याची असते. शिक्षकांनाही आधी कळवा. त्यांनीच सुचवलंय, तेव्हा ते साथ देतील.

फोन येणारच. तेव्हा आवाज मऊ ठेवा आणि लहान बोला: "अरेरे, वाईट वाटत असेल. मी आणून देणार नाहीये, आपलं ठरलंय. बाईंना काय सांगायचं ते तुला माहितीये. संध्याकाळी भेटू." यापुढे समजावत बसू नका, जितकं समजावाल तितकं त्याला वाटेल की अजून मनधरणीला वाव आहे. सुरुवातीला गोष्टी सुधारण्याऐवजी बिघडलेल्या दिसतील. जुना उपाय चालेनासा झाला की माणूस तो सोडण्याआधी आणखी जोर लावून बघतो, मुलंही तेच करतात. जास्त रडणं, जास्त फोन, "तुमचं माझ्यावर प्रेमच नाही" हे सगळं ऐकायची तयारी ठेवा. तिसऱ्या फोनला तुम्ही विरघळलात तर तो एवढंच शिकेल की तीन फोन करावे लागतात. म्हणून जो नियम पाळणं तुम्हा दोघांनाही जमेल असं वाटतं, तोच करा. एकाने ठाम राहायचं आणि दुसऱ्याने गुपचूप वही नेऊन द्यायची, यापेक्षा नियम न केलेला बरा.

अभ्यासाला शेजारी बसणं एकदम बंद करू नका. खुर्ची सरकवत न्या. आधी शेजारी, पण तुमच्या हातात तुमचं काही वाचायचं किंवा काम. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग शेजारच्या खोलीत, आणि ठरलेल्या वेळी एकदाच येऊन बघणं. चुकलेली उत्तरं खोडून बरोबर करून घेऊ नका. तुमच्या मदतीने निर्दोष झालेली वही शिक्षकांना खोटी माहिती देते. मुलाला काय येत नाही हे त्यांना कळतच नाही आणि ते पुढे जातात. वर्गातल्या पालकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये "आज गृहपाठ काय दिलाय?" असं विचारणंही थांबवा. ते विचारायचं काम त्याचं, आणि विचारायला त्याला मित्र आहेत.

हरल्यावरच्या रडण्याकडे येते. इथे बहुतेक आईबाबा दोन गोष्टी करतात: "एवढं काय त्यात, खेळच तर आहे" म्हणून दुःख लहान करतात, किंवा पुढचा डाव त्याला मुद्दाम जिंकू देतात. पहिल्याने त्याला वाटतं आपलं कुणाला कळत नाही, दुसऱ्याने त्याला हरण्याचा सराव मिळत नाही. मधला मार्ग दिसायला फार साधा आहे. जवळ बसा, "हरलास, राग आलाय" एवढं म्हणा, आणि गप्प राहा. रडणं थांबवायचं नाहीये. ते आपलं आपण ओसरतं, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळायला हवंय. वस्तू फेकणं, मारणं मात्र चालणार नाही, ते तिथल्या तिथे थांबवा. निकोल पेरी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४२२ मुलांकडे वयाच्या २, ५ आणि १० व्या वर्षी पाहिलं गेलं. दुसऱ्या वर्षी ज्यांच्या आया खेळतानाही फार ताबा ठेवत होत्या, त्या मुलांना पाचव्या वर्षी भावना आवरणं जास्त अवघड जात होतं, आणि ज्यांना पाचव्या वर्षी ते जमत होतं ती दहाव्या वर्षी शाळेत आणि मित्रांत जास्त चांगली रुळली होती. आईमुळेच सगळं घडलं असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. अवघड मुलाच्या आईला जास्त लक्ष ठेवावं लागतं हेही असू शकतं. पण दिशा तीच दिसते जी मी रोज बघते.

तुम्ही त्याला हुशार म्हणता. ते त्याच्या कानावर रोज पडत असेल तर थोडं कमी करा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये साधारण तुमच्या मुलाच्याच वयाच्या, पाचवीतल्या मुलांबरोबर प्रयोग केले. 'हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे अपयश आल्यावर कमी चिकाटी दाखवत होती. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली टिकून राहत होती. हुशारीचा शिक्का बसलेल्या मुलाला अडणं म्हणजे पोल खुलणं वाटतं. त्यापेक्षा "हे कसं काय सोडवलंस?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

मित्रांची भांडणं. त्या मित्राच्या आईला फोन आजपासून बंद, यात पायऱ्या नकोत. त्याने घरी येऊन सांगितलं की आधी विचारा, "तुला नुसतं सांगायचंय, की काय करायचं ते माझ्याशी बोलायचंय?" बऱ्याचदा नुसतं सांगायचं असतं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा खेळत असतात, तुम्ही मात्र रात्रभर जागे.

बाहेरच्या खेळाचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते, कारण कणखरपणा अंगातूनही येतो. नॉर्वेतल्या एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार नोंदवले: उंची, वेग, धारदार अवजारं, आग किंवा पाण्याजवळचं खेळणं, दंगामस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड एकटं जाणं. यातलं काहीतरी थोडंफार तुमच्या मुलाच्या वाट्याला येतंय का ते बघा. जो धोका मुलाला दिसूच शकत नाही, म्हणजे कुजलेली फांदी, खोल पाणी, वाहता रस्ता, तो बघणं तुमचं काम. जो त्याला दिसतो आणि तोलता येतो, तो त्याला तोलू द्या. तो झाडावर असताना "जपून, जपून" ओरडण्यात माहिती काहीच नसते, फक्त तुमची भीती पोहोचते. "आता पाय कुठे ठेवणार?" असं विचारलं तर तो फांदीकडे बघतो.

या सगळ्यात सर्वात अवघड भाग तुमच्या मनातली घालमेल हाच आहे. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी अतिचिंता करणाऱ्या मुलांसाठी एक उपचार विकसित केला, ज्यात मुलाला भेटतच नाहीत, फक्त आईबाबांबरोबर काम करतात. ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांच्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, हा उपचार थेट मुलांना दिलेल्या प्रस्थापित मानसोपचाराइतकाच परिणामकारक ठरला. आईबाबांना त्यात मुख्यतः दोन गोष्टी शिकवतात. मुलाला सांगायचं की तुला त्रास होतोय हे आम्हाला कळतं, आणि तू तो पेलशील याची आम्हाला खात्री आहे. आणि मुलाची चिंता टाळण्यासाठी आपण घरात ज्या तडजोडी करत आलो, त्या एकेक करून आपण थांबवायच्या. लक्षात घ्या, मुलाने काय करावं यावर यात काहीच अवलंबून नाही. तुम्ही स्वतःचं वागणं बदलता, जे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. मुलाला "बदल" म्हणत बसण्यापेक्षा हे कितीतरी मोकळं करणारं आहे.

धावून जावंसं वाटेल तेव्हा स्वतःला विचारा: मी आत्ता गेले नाही, गेलो नाही, तर काय होईल? आणि त्याचं वर्षभराने काय उरेल? एका दिवसाची ओरड, एक कमी गुण, एक हुकलेली सहल यातलं काहीच वर्षभर उरत नाही. मग हेही विचारा की आत्ता त्याला शांत करायचंय की मला शांत व्हायचंय. याचं प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा दुसरं असतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लेकराला त्रासात बघून पोटात तुटतं, ते तुटणारच. ते सहन करायला जोडीदाराची मदत घ्या, मुलाची नको.

काही ठिकाणी मात्र हात उशिरा नको, लगेच हवा. त्याला कुणी सातत्याने छळत असेल, मारत असेल, कुणी मोठं माणूस नको तसं स्पर्श करत असेल किंवा धमकावत असेल, तर 'तुझं तू बघ' हे वाक्य तिथे क्रूर आहे. तिथे तुम्हीच उभं राहायचं, शाळेत जायचं, गरज पडली तर पोलिसांकडे जायचं. विसरण्याबद्दलही एक तपासून घ्या. घरी-दारी, आवडीच्या कामातही तो सतत विसरत असेल, बसल्या जागी लक्ष टिकत नसेल, किंवा वाचन-लेखन वयाच्या मानाने फार अवघड जात असेल, तर तो प्रश्न सवयीचा नसून लक्ष टिकवण्याच्या किंवा शिकण्याच्या अडचणीचा असू शकतो. अशा मुलाला दारावर लावलेली यादी, रंगांच्या खुणा, गजर अशी बाहेरची साधनं लागतात आणि ती जास्त काळ लागतात. त्याला नुसतं परिणाम भोगू दिल्याने तो खचेल. आणि तो कित्येक आठवडे उदास असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, खेळणंच सोडलं असेल, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या गोष्टी बोलत असेल, तर दप्तराचा नियम बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा. जिवाची किंवा इजेची भाषा असेल तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं ठेवू नका.